ऑरिकमध्ये कारखाने आले, आता दुकानं-ऑफिसं आपोआप येतील?
ऑरिक म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळचं शेंद्रा-बिडकीन इथलं नवं औद्योगिक शहर. 'मोठ्या कंपन्या आल्या की मॉल, हॉटेलं, ऑफिसं आपोआप उभी राहतात' हे मत मला पटत नाही. शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीकडेच बघा. बजाजचा कारखाना तिथे १९८५ साली सुरू झाला, मागोमाग शेकडो लघुउद्योग आले. तरी चांगल्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, खरेदीसाठी माणसं अजून छत्रपती संभाजीनगर शहरातच जातात.

शेंद्रा-बिडकीनचं वेगळेपण हे, की तिथे आराखड्यातच निवासी आणि व्यापारी वापराची जमीन राखलेली आहे. रस्ते, सांडपाणी, जमिनीखालून वीजवाहिन्या आधी आणि भूखंडवाटप मग, हा क्रमही योग्य. पण शेंद्रा शहराच्या पूर्वेला, बिडकीन दक्षिणेला पैठण रस्त्यावर. या दोन टोकांना जोडणारी भरवशाची बससेवा नसेल तर तिथे दुकान कोण थाटणार? संध्याकाळी सहानंतर गिऱ्हाईकच नसेल!

म्हणून सीएमआयए, मसिआ यांसारख्या आपल्या उद्योजक संघटनांनी सरकारकडे जाताना नव्या कंपनीइतकाच आग्रह या गोष्टींसाठी धरावा असं मला मनापासून वाटतं. मनमाडकडच्या रेल्वेमार्गाचं दुहेरीकरण लवकर व्हायला हवं. आणि पाणी! जायकवाडी धरण उशाशी असून शहराला काही दिवसांआड पाणी मिळतं, हे बाहेरचा गुंतवणूकदार पहिल्याच भेटीत विचारतो. टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी २०२४ मध्ये सरकारशी करार केला. तिथे कामाला येणारी कुटुंबं राहणार कुठे, हे आत्ताच ठरायला हवं.