मदत हवी आहे: तैवानच्या भाषांमध्ये पुयुमा कुठे ठेवावी?

तैवानमधल्या ऑस्ट्रोनेशियन (तैवानपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेलं भाषाकुल) भाषांच्या वर्गीकरणाचा तक्ता मराठी वाचकांसाठी करते आहे. पुयुमापाशी काम अडलंय.

तीन भाषाशास्त्रज्ञांची मतं वेगळी आहेत. रॉबर्ट ब्लस्ट (१९९९) ध्वनिबदलांवरून या कुलाच्या दहा मूळ शाखा मानतात. नऊ तैवानमध्येच, पुयुमा त्यांतली एक. माल्कम रॉस (२००९) क्रियापदांकडे पाहतात. इतर भाषांत नामं घडवणारे प्रत्यय मुख्य क्रियापदालाही लागू लागले; पुयुमा, रुकाई आणि त्सोउमध्ये तसं झालं नाही, म्हणून या तिघी आधी वेगळ्या झाल्या. लोराँ सागार (२००४) यांची भिस्त संख्यांवर. पाझेह भाषेत सहा म्हणजे 'पाच-एक', सात म्हणजे 'पाच-दोन'. 'पितु' (सात), 'वालु' (आठ), 'सिवा' (नऊ) हे शब्द नंतर टप्प्याटप्प्याने आले, असं ते मांडतात. हा युक्तिवाद मला फार देखणा वाटतो. पण त्यात पुयुमा उशिराच्या शाखेत जाते, रॉस यांच्या नेमकं उलट!

तिन्ही मतं एका झाडात बसवून पाहिली, जमत नाही. शब्दसाम्याची टक्केवारीही काढली, पण शेजारच्या भाषांतून आलेले शब्द वेगळे करता येईनात.

लान्यू बेटावरची यामी घेतलेली नाही, ती मलायो-पॉलिनेशियन शाखेची, म्हणजे ब्लस्ट यांच्या दहाव्या, मुख्यतः तैवानबाहेरच्या शाखेची. मला चिनी वाचता येत नाही, म्हणून चिनीतले संदर्भ वापरता येत नाहीत, आणि तक्त्यात एकच आकृती मावेल.

संख्याशब्द उसने घेतले जातात, हे थाईमधल्या चिनी संख्यांवरून दिसतंच. मग पुयुमासाठी क्रियापदरूपांचा पुरावा जास्त वजनदार धरावा, की ब्लस्ट यांच्यासारख्या सगळ्या शाखा एकाच पातळीवर दाखवणं जास्त प्रामाणिक ठरेल?