घोडीच्या पाठीला मालिश नेमकी कशी करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार. अलिबागला आमची घोडागाडी आहे. बाबा चालवतात. शनिवार-रविवार समुद्रावर, आणि ओहोटी जुळली की कुलाबा किल्ल्यापर्यंत फेऱ्या. घोडी 11 वर्षांची, नाव बिजली. नावावर जाऊ नका, स्वभावाने गाय आहे.

तर या गायीने परवा तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना बाबांच्या दंडाला दात लावले. आजवर असं कधी केलं नव्हतं. तीन आठवडे झाले, पाठीवरून खरारा फिरवला की कातडी थरथरवते, पाठ खाली दाबते. लंगडत नाही. चंदी संपवते, लीद नेहमीसारखी. डॉक्टर येऊन गेले. पाय, खूर, नाल सगळं बघितलं. अंग 38 अंश, म्हणजे ताप नाही. "पाठ धरलीय, आठ दिवस जुंपू नका" म्हणाले, गोळ्या दिल्या. आठ दिवस छान होती. जुंपली, परत तेच.

बाबांचा उपाय खोबरेलात कापूर घालून चोळायचं, आजोबाही तेच करायचे. मी यूट्यूबवर बघितलं, परदेशात बायका नुसत्या बोटांनी हळूहळू दाबतात आणि घोडा जांभया देतो. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "त्यांच्या घोड्याला काम काय असतं?"

मालिशने खरंच फरक पडतो का? जोर किती लावायचा? मी शिकलेली नाही, माझ्या हातून काही बिघडणार तर नाही ना?

— बिजलीची_ताई

खरारा: ताई, निम्मं आयुष्य तबेल्यात गेलंय, म्हणून लिहितो. मालिशने फरक पडतो, पण दुखण्याचं कारण जागेवर असेल तर उद्या परत दुखणारच. आधी साज बघा. काम संपल्यावर खोगीर उतरवलं की लगेच, पुसायच्या आत, पाठीचा घाम बघायचा. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब जास्त पडतोय. त्या जागी पांढरे केस उगवलेत का तेही बघा, ती जुनी खूण. आणि खोगिराच्या खालच्या बाजूने तळहात फिरवा. तुमच्याकडे वाळू. ओल्या वाळूचे चार कण गादीत अडकले तरी दिवसभर पॉलिश पेपर चालतो.

कापूर-तेलाबद्दल बाबांना दुखवू नका, पण तेलावर वाळू चिकटते आणि वर साज घासतो. जुंपायच्या दिवशी तर नकोच. आमचे वस्ताद पेंढ्याचा घट्ट पीळ वळून, जरा ओला करून पुठ्ठ्यांवर आणि मानेवर थापायचे. मांसल जागीच. कण्यावर आणि कमरेवर कधीच नाही.

पशुवैद्यकाची_विद्यार्थिनी: वरच्यांशी सहमत. थोडी भर घालते. आपल्याला असतं तसं हासळीचं हाड घोड्याला नसतंच. पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात, आणि उभ्या घोड्याचं सुमारे 60 टक्के वजन त्याच पायांवर. त्यामुळे पाठ दुखत असली तरी मान, खांदा आणि छाती आधी सैल करायची, पाठीकडे शेवटी जायचं.

दोन घोडे मोकळे सोडले की आयाळ संपते तिथे एकमेकांना दातांनी खाजवतात, बघितलं असेल. 1993 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात त्याच भागात हाताने खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी झालेले आढळले. तुम्हीही मोजू शकता. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवा, शांत उभ्या घोड्याला मिनिटाला 28 ते 44.

जोर म्हणाल तर हापूस पिकलाय का बघताना दाबतो तितकाच. सपाट तळहात, केसांच्या दिशेने, जागेवर थांबून. ओठ सैल सोडले, चघळल्यासारखं केलं, डोकं खाली आलं, की बरोबर चाललंय. कान मागे पडले किंवा शेपटी फटकारली की हात हलका करा. तरी ऐकली नाही तर थांबा.

ताप, गरम सूज, जखम, नायटा असेल तर मालिश नको. कामानंतर पुठ्ठे दगडासारखे घट्ट झाले, घाम फुटला, लघवी चहासारखी काळपट आली तर हात लावू नका, चालवूही नका, त्याच क्षणी डॉक्टर बोलवा.

समुद्रकाठ: गरम विटेने शेका. आमच्या म्हशीला लागू पडलं होतं.

खरारा: दादा, म्हशीला खोगीर घालता का?

बिजलीची_ताई: सगळ्यांचे आभार. रविवारी घाम बघितला. डावीकडे ओलं, उजवीकडे कण्यालगत तळहाताएवढा कोरडा भाग! खोगीर उलटं केलं तर त्या बाजूची गादी बसून पापडासारखी झालेली. बाबा बराच वेळ ती दाबून बघत होते. मग स्वतःच म्हणाले, पुढच्या बाकावर तिघं बसले की गाडीच्या दांड्यांचा सगळा भार हिच्या पाठीवर येतो. दोनचाकी गाडी, मागे जास्त माणसं बसली तर उलटं, पोटपट्टा वर ओढला जातो. आता जाड माणसं मधोमध बसवणार म्हणतात. पर्यटकांना हे कसं सांगायचं ते त्यांचं ते बघतील.

गादी भरायला टाकलीय, तोवर सुट्टी. संध्याकाळी वीस मिनिटं मान आणि खांदे करते. पहिल्या दिवशी लांब सरकली. काल आयाळीच्या टोकाला खाजवलं तर वरचा ओठ लांब काढून हलवायला लागली आणि सगळा भार माझ्यावर टाकला. बाबा कुंपणापाशी विडी ओढत बघत होते.

एक राहिलंच. गादीत काथ्या भरायचा की लोकर? इथला कारागीर काथ्याच म्हणतोय.