स्वस्त विमान तिकिटं: बी विंगच्या प्रश्नावर ग्रुपमध्ये झालेली चर्चा

मेघा (बी विंग): नमस्कार मंडळी. सुट्टीत आम्ही पाच जण परदेशी जायचं म्हणतोय. तारखा चार-आठ दिवस पुढेमागे चालतील. स्वस्त तिकिटं कशी शोधायची? एकाच साइटवर सकाळी एक भाडं आणि संध्याकाळी दुसरंच.

सुहास काका (ए विंग): मेघा, तारखा हलतात ना, मग निम्मं काम झालं. गूगल फ्लाइट्सवर ठिकाण टाक आणि तारखेच्या चौकटीवर टिचकी मार. कॅलेंडरमध्ये प्रत्येक दिवसाखाली भाडं दिसतं. 'प्राइस ग्राफ'मध्ये सहल किती दिवसांची ते टाकलं की कुठला आठवडा स्वस्त ते लगेच कळतं. निघण्याच्या रकान्यात एकाहून जास्त विमानतळही टाकता येतात. एवढ्यात घ्यायचं नसेल तर 'ट्रॅक प्राइसेस' चालू करून ठेव, भाडं बदललं की मेल येते.

रेणुका ताई (सी विंग): ठिकाणही ठरलं नसेल तर स्कायस्कॅनरवर पोचण्याच्या जागी 'एव्हरीव्हेअर' टाक, देशवार यादी येते. कुठल्या विमानतळावरून कुठे थेट विमान जातं ते फ्लाइटकनेक्शन्सच्या नकाशावर दिसतं. सगळ्या कंपन्या सगळ्या साइटवर नसतात, म्हणून दोन ठिकाणी तरी बघच.

निखिल (ए विंग): आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी विंडोत शोधा. आपण पुन्हा पुन्हा बघतोय हे कळलं की भाडं वाढवतात.

सुहास काका: निखिल, भाडं हलतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. इकॉनॉमीच्या खुर्च्या सारख्या असल्या तरी त्यांची भाडी अक्षरांच्या वर्गांत विभागलेली असतात. 'वाय' म्हणजे सहसा पूर्ण भाड्याचा वर्ग आणि त्याच्याखाली सवलतीचे. खालच्या वर्गातल्या जागा संपल्या की पुढचा, महाग वर्ग दिसू लागतो. कुणी धरून ठेवलेली जागा सोडली की भाडं पुन्हा उतरतं. शिवाय शोध-साइट काही वेळा साठवलेलं जुनं भाडं दाखवते, म्हणून पैसे भरायच्या पानावर आकडा बदलतो.

मेघा: मग पाच जणांचं एकत्र शोधलं तर?

सुहास काका: हाच खरा मुद्दा. स्वस्त वर्गात तीनच जागा उरल्या असतील तर बऱ्याच वेळा सिस्टिम पाचही जणांना वरच्या वर्गाचं भाडं लावते. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोध, मग दोन, मग तीन. ज्या आकड्यावर माणशी भाडं उडी मारेल तिथे बुकिंग तोड, तीन आणि दोन असं. मात्र दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे आरक्षण क्रमांक झाले की विमान रद्द झाल्यावर कंपनी दोन्ही गटांना एकाच विमानात बसवेल याची खात्री नाही. प्रत्येक पीएनआरमध्ये एक मोठं माणूस हवंच.

रेणुका ताई: आणि शोधायचं कुठेही, पण घ्यायचं शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर. फरक किरकोळ असेल तर एजंट-साइटच्या नादी लागू नका. वेळ बदलली, विमान रद्द झालं की कंपनी म्हणते एजंटला विचारा, एजंट म्हणतो कंपनीला विचारा. एजंटकडून घेतलंच तर एक तपासणी न चुकता करा. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण. तिकीट निघालंय याची खूण म्हणजे १३ अंकी ई-तिकीट क्रमांक, त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे. 'कन्फर्म्ड' लिहिलंय पण हा क्रमांक नाही, तर त्याच दिवशी पाठपुरावा करा.

निखिल: किवी या तिकीट-साइटवर दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं जोडून बरंच स्वस्त दिसतंय.

रेणुका ताई: तिथे 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलंय का बघ. तसं असेल तर ती दोन स्वतंत्र तिकिटं. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नाही. बॅगा बहुधा मध्येच घेऊन पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. असं जोडायचंच असेल तर मध्ये पाच-सहा तास ठेव, आणि दिवसातलं शेवटचं विमान दुसरं म्हणून कधीच घेऊ नकोस.

सुहास काका: विमानतळाचं नावही नीट वाचा. फ्रँकफर्ट हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, पॅरिस बोवे पॅरिसपासून ८० च्या पुढे. बसचं भाडं आणि पहाटेची टॅक्सी धरली की स्वस्त तिकीट महाग पडतं. बॅगेचंही तसंच. सर्वात कमी भाड्यात बऱ्याचदा फक्त सीटखाली मावेल एवढीच पिशवी असते, आणि बॅगेचे पैसे गेटवर भरले तर ऑनलाइनपेक्षा जास्त लागतात. तुलना करायची ती बॅगेसकट.

निखिल: कधी कधी आपल्या ठिकाणावरून पुढच्या शहराला जाणारं तिकीट स्वस्त असतं, ते घेऊन आपल्या ठिकाणी मध्येच उतरलं तर?

सुहास काका: नको. चेक-इन केलेली बॅग पुढे जाते, आणि एक टप्पा चुकवला की परतीचं तिकीट सहसा आपोआप रद्द होतं. कुटुंब घेऊन हा धोका अजिबात पत्करू नये.

मेघा: तिथे फिरायला काय वापरायचं?

रेणुका ताई: विमान, रेल्वे, बस, बोट यांची तुलना रोम-टू-रिओ या साइटवर. फक्त पर्याय तिथे बघा, वेळा मूळ कंपनीकडे तपासा. रेल्वेसाठी 'सीट सिक्स्टी-वन' ही साइट, तिकीट कुठून काढायचं तेही सविस्तर दिलंय. शहराची माहिती विकिव्हॉयेजवर, नकाशे ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपवर आधीच उतरवून ठेवा, इंटरनेटशिवाय चालतात. कार्ड मशीनने 'तुमच्या चलनात भरू का' विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात भरा. मशीनचा दर बहुधा वाईट असतो.

मेघा: खूप आभार दोघांचे. नावं कशी भरायची? आमच्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आहे.

रेणुका ताई: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात ना, त्यातली वरची बघ. देशाच्या कोडनंतर आधी आडनाव, मग दोन बाणखुणा, मग नाव. तसंच भर. चूक झाली तर त्याच दिवशी कंपनीला कळव, बऱ्याच कंपन्या पहिल्या २४ तासांत दुरुस्ती किंवा रद्द करायला परवानगी देतात. बुकिंगच्या अटींत आधी वाचून घे.

मेघा: आज रात्री एका प्रवाशापासून सुरू करते आणि भाडं कुठे उडी मारतं ते इथे टाकते.