ऊसतोड कुटुंबांवरची पीएचडी: ग्राउंडेड थिअरी, केस स्टडी की आणखी काही?

मांजराकाठ

समाजशास्त्रात पीएचडीसाठी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिते आहे. विषय बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि त्यांच्या मुलांचं शिक्षण हा आहे. काही घरं मुलांना बरोबर नेतात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवतात. हे घरात कसं ठरतं, मागे मूल ठेवून जाणाऱ्या आईला काय वाटतं आणि वसतिगृहाची योजना गावात प्रत्यक्षात कशी चालते, हे तिन्ही मला पाहायचं आहे.

गाईड ग्राउंडेड थिअरी सुचवतात, म्हणजे आधी सिद्धांत न धरता तो मुलाखतींतूनच घडवत नेणं. विभागातले बाकीचे म्हणतात केस स्टडी कर, सोपी पडते. माझ्या कच्च्या आराखड्यात 60 कुटुंबांच्या मुलाखती आणि शेवटी थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (पुन्हा पुन्हा येणारे विषय काढणं) असं आहे. आरआरसीच्या (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीच्या) नमुन्यात 'गृहीतके' असा रकानाही आहे, तो रिकामा सोडता येत नाही. कृपया नीट मार्गदर्शन करा.

तळटीप

तुमचा आराखडा अडला आहे तो तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधल्यामुळे. ते सुटे करून पाहा.

'घरात कसं ठरतं' हा प्रक्रियेचा प्रश्न आहे. कोण बोलतं, काय मोजलं जातं, कुठल्या टप्प्यावर बेत बदलतो. यासाठी ग्राउंडेड थिअरी योग्य.

'आईला काय वाटतं' हा अनुभवाचा प्रश्न आहे, त्याला फिनॉमिनॉलॉजी लागते, म्हणजे जगलेला अनुभव आतून समजून घेणारी पद्धत. तिथे 60 मुलाखती ओझं होतील. सारख्या परिस्थितीतल्या सहा ते दहा आया, प्रत्येकीशी दोन-तीन वेळा सावकाश बोलणं आणि एकेक मुलाखत पूर्ण वाचून झाल्यावरच पुढचीकडे वळणं, असं ते काम असतं.

'योजना कशी चालते' ही केस स्टडी. पण तिला हद्द लागते: एक गाव किंवा दोन, एक हंगाम, एक योजना. आणि फक्त मुलाखतींवर ती उभी राहत नाही. शाळेचा हजेरीपट, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, वसतिगृहाची खर्चाची कागदपत्रं, जेवणाच्या वेळी प्रत्यक्ष बसून केलेलं निरीक्षण, हे सगळं एकमेकांसमोर ठेवून तपासावं लागतं. पटावर 40 मुलं आणि पंगतीला 25, ही तफावत का पडली याचा शोध म्हणजे केस स्टडी. ती सोपी पडते हा समज चुकीचा आहे.

माझं मत: पीएचडीसाठी पहिला प्रश्न मुख्य ठेवा. आईचा अनुभव त्याच मुलाखतींतून बराचसा येईल, त्यासाठी वेगळा आराखडा नको. वसतिगृह हा संदर्भ म्हणून एका प्रकरणात येऊ द्या. तीन आराखडे एका प्रबंधात घातले की एकही धड होत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं.

आता ग्राउंडेड थिअरी घ्यायची असेल तर कच्चा आराखडा मुळातून बदला. ग्लेसर आणि स्ट्राउस यांनी 1967 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून तिचा कणा एकच आहे: माहिती गोळा करणं आणि तिचं विश्लेषण ही कामं बरोबरीने चालतात. आधी 60 मुलाखती उरकायच्या आणि मग कोडिंगला (मजकुराच्या तुकड्यांना नेमकी नावं द्यायला) बसायचं, याला ग्राउंडेड थिअरी म्हणता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत नाव हिचं आणि काम साध्या थीम काढण्याचं असतं.

उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या फेरीत एक आई म्हणाली, "सासूचं गुडघं धरल्यात, तिच्याच्यानं आता पोरं व्हत न्हाईत. थोरलीला नेलं तर धाकटं तरी सांभाळती." इथे 'शिक्षणाबद्दल उदासीनता' असा कोड टाकलात तर सगळं हातचं गेलं, कारण तो तुमचा निवाडा आहे. काय घडतंय ते लिहा: 'आजीची तब्येत जोखणं', 'थोरल्या मुलीवर धाकट्याचा भार देणं'. अशा पाच-सहा मुलाखतींत घरात कोण सांभाळू शकतं याचा हिशोब पुन्हा पुन्हा दिसला, की ते वर्गीकरण तात्पुरतं धरा, त्यावर मेमो (स्वतःच्या विचारांची नोंद) लिहा आणि पुढची घरं त्यावरून निवडा. आजी नसलेलं घर, फक्त मुलगे असलेलं घर, सातवी-आठवीतली मुलगी असलेलं घर, आणि आजी धडधाकट असूनही मुलं बरोबर नेणारं घर. हे शेवटचं सर्वांत मोलाचं, कारण तुमचा अंदाज तिथे मोडू शकतो. याला सैद्धांतिक नमुना निवड म्हणतात. सिनॉप्सिसमध्ये घरांची यादी आधी देता येत नाही ती यामुळे. निवडीचा नियम मात्र देता येतो.

एक सूचना: ग्राउंडेड थिअरीच्या दोन वाटा, म्हणजे स्ट्राउस-कॉर्बिन यांचं ठरलेल्या पायऱ्यांचं ओपन, अ‍ॅक्सियल, सिलेक्टिव्ह कोडिंग आणि चारमाझ यांची रचनावादी वाट (अर्थ संशोधक आणि लोक मिळून घडवतात असं मानणारी), एकाच परिच्छेदात मिसळू नका. एक धरा, तीच शेवटपर्यंत पाळा. पहिल्यांदा काम करणाऱ्याला चारमाझ जास्त मोकळीक देतात असं मला वाटतं.

पारावरून

तळटीप यांच्याशी सहमत, पण आराखडा हंगामाच्या वेळापत्रकावर बसवला नाही तर कागदावरच राहील.

उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेण्याचं बोलणं पावसाळ्यातच सुरू होतं, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, आणि पट्टा पडल्यावर (कारखान्याचा हंगाम संपल्यावर), म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, माणसं परततात. निर्णय जिवंत असतो तो भाद्रपद-आश्विनात. पहिली फेरी तेव्हा गावात करा. दुसरी कोप्यांवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपड्यांवर), डिसेंबर-जानेवारीत. तिसरी परतल्यावर. ठरलेलं आणि घडलेलं यात फरक पडतो. वसतिगृहात ठेवलेलं मूल मध्येच आईकडे येतं, हे एकदाच मुलाखत घेणाऱ्याला कळणार नाही. तीच घरं तीनदा भेटलात तर 60 चा आकडा आपोआप खाली येईल, आणि यायलाच हवा.

मुकादमामार्फत (टोळी जमवणाऱ्या माणसामार्फत) घरं गाठू नका. तो सोय करून देईल, पण उचलीचा हिशोब त्याच्याच हाती असतो. त्याच्या ओळखीने आलेल्या माणसापुढे पैशांबद्दल कोणी मोकळं बोलत नाही, आणि पोरगं फडात मोळ्या बांधू लागलं तर फिटणारी उचल हा या निर्णयातला मोठा भाग असू शकतो. अंगणवाडी ताई, आशा, गावातले शिक्षक अशा दोन-तीन वेगळ्या वाटांनी शिरा. कोण कुठल्या वाटेने मिळालं, त्याची नोंद ठेवा.

नवरा शेजारी बसला की बाई 'हे सांगतील' म्हणून गप्प होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असली तरी मुलाखती दोघांच्या वेगळ्या ठेवा, आणि बाईंशी बोलायला स्त्री संशोधकच असू द्या. तुम्ही स्वतःच असाल तर प्रश्न मिटला. कोपीवर बाई पहाटेच्या अंधारात उठून स्वयंपाक करून फडात जाते, तिच्याकडे सलग तासभर मागू नका. वीस-वीस मिनिटांचे तुकडे, भाकऱ्या थापताना, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकायला निघताना. फडात काम चालू असताना रेकॉर्डर काढायचा नाही. कामाचा वेग पडतो आणि त्याचे पैसे त्यांचे जातात.

प्रश्न कसा टाकता यावरही बरंच अवलंबून आहे. 'मुलांना बरोबर का नेता?' यात आरोप ऐकू येतो आणि उत्तर बचावाचं मिळतं. 'मागच्या साली निघायची वेळ आली तेव्हापासून सांगा, पोरांचं कसं ठरलं' असं विचारा. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. अशा गाजलेल्या विषयांवर गावोगावी विचारपूस झालेली असते आणि ठरावीक उत्तरं तयार असतात. घडलेला प्रसंग विचारला की ती मागे पडतात.

मांजराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आता दोन अडचणी उरतात. समिती आकडा विचारणारच. 'सॅच्युरेशन होईपर्यंत' (नवं काही मिळेनासं होईपर्यंत) असं लिहिलं तर मागच्या वेळी एकाचा सिनॉप्सिस परत आला होता. आणि गृहीतकांच्या रकान्यात काय लिहू?

काठपदर

'सॅच्युरेशन होईपर्यंत' एवढंच लिहिलं तर समितीने परत पाठवणं योग्यच आहे. थांबण्याचा नियम लिहा.

गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा 2006 चा लेख सगळे '12 मुलाखती पुरतात' म्हणून दाखवतात. तो घाना आणि नायजेरियातल्या 60 स्त्रियांच्या मुलाखतींवर आहे. गट बराच एकसारखा आणि प्रश्न ठरलेले, म्हणून बहुतेक कोड 12 पर्यंत आले. तुमच्याकडे मुलं नेणारी आणि ठेवणारी घरं वेगळी, प्रश्नही फेरीगणिक बदलणार. तो आकडा इथे चालत नाही. हेनिंक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की कोडांची यादी नऊ मुलाखतींत भरली, पण त्यांचा अर्थ नीट कळायला 16 ते 24 लागल्या. हा फरक समितीपुढे मांडण्यासारखा आहे.

लिहायचं असं: '24 ते 30 कुटुंबं, त्यांतली निम्म्याहून अधिक तीन टप्प्यांवर. दर तीन नव्या कुटुंबांनंतर आढावा.' आढाव्याची साधी रीत गेस्ट, नेमी आणि चेन यांनी 2020 मध्ये दिली आहे. पहिल्या सहा मुलाखतींत समजा 40 कोड निघाले, पुढच्या तीनमध्ये दोनच नवे आले, तर दोन भागिले 40, म्हणजे 5 टक्के. ही मर्यादा आधी जाहीर करा आणि तक्ता परिशिष्टात जोडा.

गृहीतकांच्या रकान्यात 'हे संशोधन गृहीतक तपासणारे नसून संशोधन-प्रश्नांवर आधारलेले आहे' असं एक वाक्य लिहा आणि खाली तीन-चार मार्गदर्शक विधानं द्या. उदाहरणार्थ, 'मुलांना नेण्याचा निर्णय घरातील सांभाळणाऱ्या व्यक्तींच्या उपलब्धतेशी जोडलेला असावा. ही धारणा क्षेत्रकार्यात बदलू शकते.' रकाना भरला जातो आणि पद्धतीला बाध येत नाही. समितीच्या आग्रहाने 30 घरांवर काय-वर्ग चाचणी (संख्याशास्त्रातली, कायस्क्वेअर) लावायला मात्र तयार होऊ नका. नमुना हेतुपूर्वक निवडलेला आहे, तिथे त्या चाचणीचा आधारच राहत नाही.

तळटीप

काठपदर यांच्या टक्केवारीला एक पुस्ती. ती नव्या कोडांची मोजणी आहे. ग्राउंडेड थिअरीतली संपृक्तता (सॅच्युरेशन) वर्गीकरणाची असते: 'सांभाळणाऱ्यांचा हिशोब' कुठल्या परिस्थितीत कसा बदलतो, हे नव्या घराने आणखी उलगडत नाही, तेव्हा थांबायचं. नवे कोड शून्यावर आले तरी एखादं वर्गीकरण अर्धवट असू शकतं. म्हणून तक्त्याच्या बरोबर प्रत्येक मुख्य वर्गीकरणाचा शेवटचा मेमोही जोडा.

काठपदर

मान्य. तक्ता समितीसाठी, मेमो विश्लेषणासाठी, दोन्ही ठेवा.

जोडाक्षर

नीतिमत्तेचा मुद्दा कोणी काढला नाही, आणि या विषयात तो सर्वांत अवघड आहे. मुलांशी बोलणार असाल तर पालकांची संमती पुरत नाही, मुलाचा होकारही लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात ते 12 वर्षांसाठी तोंडी आणि 12 ते 18 साठी लेखी होकार आहे. ती आरोग्य संशोधनासाठी असली तरी तुमच्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीपुढे हाच मापदंड ठेवा. अंगठा घेणार असाल तर त्रयस्थ साक्षीदार हवा, आणि तो मुकादम नको.

मुलाखतीत बालविवाहाचा विषय निघणारच. मुलीला एकटी मागे ठेवण्याची भीती आणि तिचं लग्न उरकणं यांचा संबंध घरोघरी बोलला जातो. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 18 खालच्या पत्नीबाबत नवऱ्याला बलात्काराच्या कायद्यात असलेली जुनी सूट राहिलेली नाही. म्हणून संमतीपत्रात 'सगळं गुप्त राहील' असं सरसकट वचन देऊ नका. गुप्ततेची मर्यादा सुरुवातीलाच सोप्या शब्दांत सांगा आणि अशी माहिती आली तर काय कराल, ते क्षेत्रकार्याआधी गाईड व समितीबरोबर लेखी ठरवा.

गावाचं नाव बदलून ओळख लपत नाही. कारखाना, टोळीतल्या कोयत्यांची संख्या आणि एखादा अपघात एकत्र आले की तालुक्यात कोणीही माणूस ओळखेल. यातले दोन तपशील तरी बदला किंवा गाळा. निष्कर्ष लोकांना वाचून दाखवून पडताळायचे असतील तर बायकांच्या वेगळ्या बैठकीत दाखवा, आणि कुठल्याही एका घराची गोष्ट तिथे सांगू नका.

पारावरून

शेवटी कामाचं. एका तासाचं रेकॉर्डिंग टंकायला चार ते सहा तास लागतात, कोपीवरच्या आवाजात त्याहून जास्त. 30 घरं आणि दोन-तीन भेटी म्हणजे किती महिने, ते आत्ताच वेळापत्रकात मांडा. टंकलेखन बोलीतच ठेवा, प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका, आणि कोडिंगही मराठीतच करा. प्रबंध इंग्रजीत असेल तर फक्त वापरणार असलेली अवतरणं भाषांतरित करा.

बाहेर टंकायला देणार असाल तर युनिकोडची अट आधी घाला. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाइल टॅगेट, क्वालकोडर किंवा एनव्हिवो अशा कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की अक्षरांचा कचरा दिसतो आणि शोध चालत नाही. पहिली दोन मुलाखतपत्रं स्वतः टंका. त्यातच तुमची प्रश्नावली कुठे अडते ते कळेल, आणि पुढच्या फेरीआधी ती बदलायला वेळ मिळेल.