टायर प्रभूने फोडला म्हणायचं का? प्रवासाच्या साक्षी आणि आपण

पैनगंगा
सलाम मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून आर्णीच्या पुढे एका खेड्यात आत्याकडे गेलो. बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ हा नेहमीचा रस्ता. कळंब सोडलं आणि मागचा टायर फुटला. स्टेपनी लावून निघेपर्यंत बराच वेळ गेला. पुढे एका वळणावर कापसाचा ट्रक आडवा पडलेला दिसला. काकांनी गाडीतच निकाल लावला: टायर प्रभूने फोडला, नाहीतर त्या ट्रकखाली आपण असतो. संध्याकाळी आत्याच्या अंगणात प्रार्थना झाली तेव्हा ही साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगितलं, पुढच्या रविवारी नागपुरात चर्चच्या मंडळीपुढेही दिली. सगळे ‘आमेन’ म्हणाले.

मी नाही म्हणाले. सुखरूप पोचलो म्हणून उपकार मानावेत, जरूर मानावेत. पण ट्रकच्या ड्रायव्हरचा पाय मोडला होता. त्याच्या घरचे कोणती साक्ष देणार? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते, असं येशूनेच विचारलं (बायबल, लूक १३). आणि उत्तरही त्यानेच दिलं: नाही. मग आपण हा हिशेब कशाला मांडतो?

दुसरं मला जास्त लागलं. त्या साक्षीत टायर होता, ट्रक होता, वळण होतं. आत्या नव्हती. बाई विधवा आहे, एकटी राहते, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून अर्धा कापूस अजून पऱ्हाटीवरच आहे. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं याला याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्म म्हटलं आहे (१:२७). आम्ही गेलो होतो त्यासाठीच, आणि परत येऊन बोललो टायरबद्दल.

रविवारची घंटा
ताई, तुमचा जीव दुखला हे कळतं, पण साक्षीवर एवढं तुटून पडू नका. खेड्यातली आपली माणसं गाडी सुरू करायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करतात. जाताना मागितलं, तर पोचल्यावर ‘मिळालं’ म्हणायला नको? बायबलमधलं १२१वं स्तोत्र वाचा. जाण्यायेण्यात राखणारा तोच, असं त्यात साफ आहे.

आणि प्रवासात देव काही करत नाही असं म्हणायचं असेल, तर रेव्हरंड टिळकांचं काय करायचं? नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यात एक गोरा भेटला, बोलणं झालं, त्याने नवा करार हातात दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो डबा योगायोग होता का? ज्यांची भजनं आपण आजही गातो, त्यांची वाट आपल्याच नागपूरच्या गाडीतून गेली.

तुमच्या काकांचं शिक्षण किती मला माहीत नाही. पण साक्ष ही परीक्षा नाही, की लूक १३ तपासून मार्क द्यावेत.

कोरडवाहू
मी ख्रिस्ती नाही, पन आमच्या गावात चर्च हाय आन नाताळच्या करंज्या दरसाली खातो, म्हून बोलतो. टायर काऊन फुटला हे कोनी पाह्यलं का? गोटा झालेला टायर, त्यात पाच-सहा मानसं, डिक्कीत सामान, आन हवा नागपुरातच भरली असन कवातरी. देवाले मधात आनाच्या आधी टायरवालेले इचारा.

दुसरं, तो ट्रक. जिनिंगले जानारा कापूस कसा भरतेत पाह्यलं नाही का? दोही बाजूनं पोट सुटल्यासारखा. वळनावर आडवा होनारच. थ्यो ड्रायव्हर कोन्या पापानं पडला नाही, जास्त मालानं पडला.

मुर्तिजापूर जंक्शन
रविवारची घंटा, टिळकांचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. त्या डब्यात चमत्कार झाला नाही. अनोळखी माणूस बोलला आणि पुस्तक दिलं. पुढे टिळकांनी ते वाचलं, घासून पाहिलं, घरदार दुरावण्याची किंमत मोजली. फुटलेल्या टायरशी याचं काय नातं?

आता या रस्त्याचंच दुसरं उदाहरण घ्या. बुटीबोरीजवळ टाकळघाट आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, शाळा काढली, गोंडांची गाणी-कथा जमवल्या, दगड-जीवाश्मांचा अभ्यास केला. हिस्लॉप कॉलेज पुढे त्याच्याच नावाने निघालं. टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं पाहायला गेला होता. ४ सप्टेंबर १८६३, परतताना रात्री घोड्यावरून नाला ओलांडत होता, पूर होता, वाहून गेला. काकांचा नियम लावला तर त्या रात्री प्रभू कुठे होता? की हिस्लॉपची प्रार्थना कमी पडली? हा प्रश्न अंगणातल्या साक्षीत कोणी विचारत नाही, कारण जो पोचला तोच साक्ष देतो.

रविवारची घंटा
हिस्लॉप मेला म्हणून देव नव्हता असं मी कधी म्हणालो? बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय २७ बघा. प्रेषित पौलाचं जहाज फुटलं, माल गेला, पण २७६ जणांपैकी एकही दगावला नाही, आणि पौलाने ते आधीच सांगून ठेवलं होतं. दुसरीकडे त्याच पौलाला शेवटी रोममध्ये बेड्यांत राहावं लागलं. दोन्ही खरं. विश्वास असणारा माणूस वाचल्यावर ‘प्रभूने राखलं’ म्हणतो, बुडाला तर मागे राहिलेले ‘प्रभूकडे गेला’ म्हणतात. तुम्हाला यात पळवाट दिसते, मला आधार. आमच्या आईला याच शब्दांवर दिवस काढता आले.

पळसपान
मी पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) घरात वाढले, अशा शेकडो साक्षी ऐकल्या. पैनगंगा ताई, तुमच्याशी अर्धीच सहमत. आत्याबद्दलचं अगदी बरोबर. पण काका टायरमधून धडा काढतात, तुम्ही आत्यामधून काढता, फरक काय? तीही तुमच्या म्हणण्याचा पुरावाच झाली ना? ‘विधवांचा समाचार’ हे वचन इथे टाकण्यापूर्वी तिला विचारलं का, की माझा डोळा आणि माझी पऱ्हाटी चारचौघांत सांगू का म्हणून?

शिवाय प्रत्येक भेटीतून काहीतरी शिकून यायलाच हवं, ही सवय आपल्याला रविवारच्या शाळेतच लागते. आत्याकडे जावं, तुरीच्या शेंगा खाव्यात, तिच्या तक्रारी ऐकाव्यात, यावं.

पैनगंगा
पळसपान, आत्याचं नाव-गाव मी दिलेलं नाही. आणि तिच्या तक्रारी ऐकायलाच कोणी बसलं नाही, हे तर मी म्हणतेय. ती सांगायला लागली की काका म्हणायचे, ‘प्रार्थना करू.’ प्रार्थना केली, आणि विषय संपला.

टायरवरून एक राहिलं. स्टेपनीचा पाना फिरत नव्हता तेव्हा मोटरसायकलवर कापसाचं गाठोडं घेऊन चाललेला एक शेतकरी थांबला. त्याने आधी बाभळीची फांदी तोडून गाडीच्या मागे रस्त्यावर टाकली, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला लांबून कळावं. मग पान्यावर उभा राहून नट सोडवले. पैसे घेतले नाहीत. जात-धर्म आम्ही विचारला नाही, त्यानेही नाही. येशूने सांगितलेल्या यरीहोच्या वाटेवरच्या गोष्टीत आपण स्वतःला नेहमी शोमरोन्याच्या, म्हणजे लुटलेल्या जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या जागी धरतो. इथे आम्ही रस्त्यात पडलेले होतो. काकांच्या साक्षीत हा माणूसही नव्हता. देवाने थेट टायर फोडला म्हटलं की मधल्या माणसांची गरजच उरत नाही, माझा राग त्याचा आहे.

रविवारची घंटा
तो शेतकरी साक्षीत यायला हवा होता, हे मान्य. काकांना सांगा, पुढच्या वेळी घाला. पण त्याला तिथे कोणी पाठवलं, यावर मी माझं म्हणणं सोडणार नाही.

कोरडवाहू
कोनी पाठोला नाही भाऊ, थ्यो जिनिंगले चालला होता.

आन ताई, आत्याच्या डोयाचं काय ठरलं? मोतीबिंदू असन तर पिकू देत बसू नका, आता पिकाची वाट पाहा लागत नाही. यवतमाळले सरकारी दवाखान्यात दाखवा. वेचनीले मजूर आमच्याकडंबी नाही, पन संक्रांतीनंतर आमची आटपली की दोन-चार बाया तिकडं येऊ शकतेत. किलोमागं काय देनार, थे मात्र आधीच सांगजा.