मदत हवी आहे: खुब्याचे हाड जुळले, पण सासूबाई पूर्वीसारख्या सावरलेल्या नाहीत

नमस्कार.

माझ्या सासूबाईंचे वय 79 आहे. दिवाळीनंतर न्हाणीघरातून बाहेर येताना त्या पाय घसरून पडल्या आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया होऊन आत खिळा बसवला गेला, जखम व्यवस्थित भरली आणि अलीकडच्या एक्स-रेत हाड पूर्ण जुळलेले दिसते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आता पुन्हा येण्याची गरज नाही असे सांगितले. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वेदनाशामक गोळ्या आहेत. हाडे ठिसूळ का झाली आणि त्यावर उपचार काय, याविषयी एक ओळही नाही. उभ्या उंचीवरून साधे पडून हाड मोडते तेव्हा तो ठिसूळपणाचाच अस्थिभंग मानायचा असतो. त्यांचे मनगटही काही वर्षांपूर्वी असेच पडून मोडले होते. तेव्हा प्लास्टर झाले आणि विषय तिथेच संपला, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कोणीही सुचवली नाही.

मला काळजी वाटते ती पुढच्या काळाची. पाश्चात्त्य देशांतील बहुतेक अभ्यासांत खुब्याच्या अस्थिभंगानंतर वर्षभरात साधारण 20 ते 30 टक्के वृद्ध रुग्ण दगावतात असे दिसते, आणि जे जगतात त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पूर्वीसारखे चालता येत नाही. ऑस्ट्रेलियातील डबो या गावात 1989 पासून साठीपुढच्या रहिवाशांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात असे आढळले की खुब्याच्या अस्थिभंगानंतर मृत्यूचा वाढीव धोका दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो आणि दरम्यान दुसरे हाड मोडले तर तो पुन्हा वाढतो. म्हणून दुसरे पडणे टाळणे आणि हाडांवर औषध सुरू करणे, या दोन्ही गोष्टी मला शस्त्रक्रियेइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

औषधाबाबत आम्ही अडलो आहोत. हाडांची झीज रोखणारे, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक आम्ल हे औषध खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत दिले असता नवे अस्थिभंग 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले होते. आमचे ते 90 दिवस उलटून गेले आहेत. शिवाय मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला 35 मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हे औषध देत नाहीत. सासूबाईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) 1.2 आहे, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा जवळजवळ ठीकच दिसतो; परंतु वय 79 आणि वजन 44 किलो धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर गाळणक्षमता सुमारे 26 येते. आमच्या फॅमिली डॉक्टरांना हा हिशेब दाखवला, तेव्हा त्यांनीही हे औषध नको असे सांगितले. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देण्याच्या, हाडांची झीज रोखणाऱ्याच डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाला मूत्रपिंडाची ही अट नाही, मात्र मूत्रपिंड अशक्त असताना रक्तातील कॅल्शियम एकदम उतरू शकते. आणि ते मध्येच बंद पडले तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. आम्ही कराडजवळच्या खेड्यात राहतो. इंजेक्शनची तारीख वर्षानुवर्षे न चुकवणे इथे कसे जमवावे, हे कोणी प्रत्यक्ष केले असेल तर जरूर सांगावे. रोज टोचायच्या, नवे हाड तयार व्हायला मदत करणाऱ्या टेरिपॅराटाइड या औषधाचा अनुभव कोणाच्या घरात आहे का?

दुसरा प्रश्न पडण्याच्या भीतीचा आहे. त्या वॉकर घेऊन खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत येतात, परंतु नऊवारीचा काठ वॉकरच्या पुढच्या पायात अडकेल या धास्तीने एक हात सतत निऱ्यांवर ठेवतात आणि मग वॉकर तिरका पडतो. गाऊन घालायला त्या तयार नाहीत, आणि या वयात त्यांना त्यासाठी भरीस पाडणे मला पटत नाही. त्याहून चिंतेची बाब म्हणजे रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्या पाणी पिणेच टाळतात. खाटेशेजारी कमोड खुर्ची आणली, पण घरात माणसे असताना ती वापरायला त्यांना संकोच वाटतो. अशा वेळी आपण काय केलेत? फिजिओथेरपिस्ट सुरुवातीचे काही आठवडे घरी येत होते. त्यांनी शिकवलेले व्यायाम आता पुरेसे नाहीत असे मला वाटते, कारण खुर्चीवरून उठताना अजूनही दोन्ही हातांचा आधार लागतो. मांड्यांची ताकद या वयातही वाढते आणि त्यासाठी व्यायाम हळूहळू कठीण करत न्यावा लागतो असे वाचले आहे. हे कोणाच्या देखरेखीखाली करावे?

आहाराचेही विचारायचे आहे. घर माळकरी असल्याने अंडी-मासे चालत नाहीत, दर एकादशीला साबुदाणा किंवा भगर असते, आणि एरवीही दोन घास आमटी-भाताच्या पुढे जेवण जात नाही. वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान 1 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे सासूबाईंना दिवसाला 44 ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंड अशक्त असताना हे प्रमाण कितपत योग्य आहे, आणि दूध, ताक, डाळी, पनीर यांतून ते कसे साधावे, यावर आहारतज्ज्ञांनी लिहिल्यास मोठी मदत होईल.

कराड, सातारा, सांगली किंवा पुणे इथे वृद्धांची हाडे, मूत्रपिंड आणि चालणे यांचा एकत्र विचार करणारे डॉक्टर कोणाला माहीत असतील तर कृपया कळवावे. पावसाला सुरुवात झाली की आमचे अंगण शेवाळते आणि त्यांना बाहेरगावी नेणे अवघड होते, म्हणून औषधाचा निर्णय त्याआधी घ्यायचा आहे. रक्ताचे सर्व अहवाल माझ्याजवळ आहेत. कोणता आकडा हवा असेल तर लिहीन.