शिबिरानंतरचं काम कोण करणार?

तपासणी शिबिरं वाढवली की गरीब रुग्णांच्या दातांचा प्रश्न सुटेल, हे मत अनेकदा मांडलं जातं, पण मला ते पटत नाही. शिबिरात कीड सापडते. पण पुढचे उपचार कुठे, खर्च कोण देणार, तारीख कधीची, हे सांगणारं कुणी नसेल तर माणूस दुखणं असह्य होईपर्यंत थांबतो आणि वाचू शकला असता असा दात काढावा लागतो. म्हणून आधी समन्वयक नेमा. पुढे पाठवलेला प्रत्येक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचला का, नसेल तर का नाही, ही नोंद त्याच्याकडे हवी. अनेकांची रोजंदारी बुडते. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ ठेवायलाच हवी.

शिवाय प्रत्येक किडीला ड्रिल लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे किडलेल्या दातावर लावायचं द्रव औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ते नुसतं लावल्यानेही कीड बरेचदा थांबते, आणि ते शाळेतही लावता येतं. (किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधीच सांगावं.)

मधुमेहींना तर त्यांच्या नेहमीच्या तपासणीतूनच दंतविभागाकडे पाठवावं. हिरड्यांचा आजार आणि वाढलेली साखर एकमेकांना बळ देतात.